गप्प बसणाऱ्यांची परीक्षा

काचेच्या त्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि माघारी घुमी. तिला ते ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं, आणि अकरा वर्षांत तिनं त्याबद्दल ब्र काढला नव्हता. म्हणजे नाव काही अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

पण जो बोलत नाही त्याचं डोकं रिकामं, असा बडबड्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो. तो या बाईच्या बाबतीत साफ चुकीचा होता. तिच्या डोक्यात दिवसभर एक जीभ चालायची आणि त्या जिभेला हाड नव्हतं. कोण कामचुकार, कोण ढोंगी, कोण साहेब दिसले की उगीच फडकं घेऊन टेबल पुसायला लागतो, सगळ्यांचा उद्धार आतल्या आत चालायचा. बाहेर यातलं काही यायचं नाही. बाहेर यायचं ते कामापुरतं, मोजून चार शब्द.

आणि तिची पाळी चालायची कशी, तर तेलपाणी केलेल्या यंत्रासारखी. कटिंग टेबलावर कुणाचं चाक बोथट झालं की ती काच कापल्याच्या आवाजावरून ओळखायची आणि जाता जाता त्याच्या कोपराशी नवं चाक ठेवून पुढे जायची. कुणाची पाठ धरली असेल तर त्याला त्या दिवशी बसायचं टेबल मिळायचं. कुणी दिलं, का दिलं, चर्चा नाही. काचेची कड कुणी नीट घासली नसेल तर ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहायची. नुसती उभी. अर्ध्या मिनिटात त्या माणसाला आपली चूक दिसायची आणि त्याचे कान लाल व्हायचे. दुसऱ्या पाळीची ती असिस्टंट होती, आणि दुसऱ्या पाळीत पहिलीच्या निम्मीसुद्धा काच फुटत नसे.

पहिल्या पाळीचा असिस्टंट होता रेडिओ. हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं. सकाळी गेटपाशी सुरू झालेला माणूस सुटी होईपर्यंत थांबायचा नाही. हवापाणी, पुढाऱ्यांची भांडणं, स्वतःच्या मेव्हण्याचं घर, आपण नसतो तर हा कारखाना कधीच बसला असता, असं ते चऱ्हाट. काच फुटली तर ती का फुटली यावर तो एवढं बोलायचा की शेवटी ऐकणाराच कंटाळून माफ करायचा. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. क्रेनला हाक द्यायला त्याचा आवाज झकास होता.

ही हाक काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं.

हॉलच्या वर, छताला लागून क्रेन फिरायची आणि क्रेनच्या पिंजऱ्यात काका बसायचे. दहाला यायचे, सहाला जायचे, त्यामुळे दोन्ही पाळ्यांना ते एकच. खाली ट्रकमधून काचेच्या पेट्या उतरायच्या, एकेक पेटी दोन टनांची. आणि हॉलच्या बरोब्बर मध्ये एक जाडजूड खांब. खांबाच्या पलीकडे पेटी गेली की काकांना खालचं काही दिसायचं नाही. म्हणून खालचा माणूस हाक द्यायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," अशी सलग. हाक चालू तोवर क्रेन चालू. हाक थांबली की क्रेन थांबली. हाक देणारा घसरून पडला, त्याला ठसका लागला, चक्कर आली, तरी पेटी जागच्या जागी. काकांनी तीस वर्षं या एका नियमावर काढली होती आणि तीस वर्षांत कुणाचं नखसुद्धा चिरडलं नव्हतं.

त्या खांबावर एक आरसा बसवा म्हणून घुमीनं तीनदा अर्ज दिला होता. कारखाना आरशांचा! गावभरच्या दुकानांना, दवाखान्यांना, लिफ्टना आरसे इथून जायचे. आणि स्वतःच्या खांबाला एक आरसा लावायला कुणाला वेळ नव्हता. जुन्या फोरमननी तिन्ही अर्ज खणात ठेवले आणि या महिन्याअखेर तो खण तसाच सोडून ते निवृत्त व्हायचे होते.

फोरमनची जागा घुमीला हवी होती. फार हवी होती. मानपान गेला चुलीत, तिला हवी होती ती पाळी. फोरमन कायम पहिल्या पाळीत, सात ते तीन. ती स्वतः तीनला कामावर जायची आणि अकराला सुटायची. तिची नऊ वर्षांची लेक तिला जागी दिसायची ती सकाळचा अर्धा तास, तोंडात टूथब्रश घालून. मग मुलगी शाळेत, ती घरी यायच्या सुमाराला आई बाहेर. दुधाचा दात पडला तो आजीला दाखवला. बाईंनी रागावलं ते आजीला सांगितलं. आईला सगळं शिळं होऊन मिळायचं, तेही सासूबाईंच्या तोंडून, मीठमसाला लावून.

अशात धाकटे मालक कुठल्याशा सात दिवसांच्या शिबिराहून परत आले.

धाकट्या मालकांना दर वर्षी एक कल्पना व्हायची. एकदा सगळ्यांना उभ्यानं मीटिंग घ्यायला लावल्या, एकदा भिंती हिरव्या केल्या. या खेपेला त्यांना कळलं होतं की जगातले थोर नेते अंतर्मुख असतात. कमी बोलतात. ऐकतात. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि शिबिरातून सोबत आणलेले एक सल्लागार पुढे केले. हे सल्लागार मौनाचं महत्त्व या विषयावर पावणेतीन तास बोलले. मधे पाणी प्यायलाही थांबले नाहीत. तेवढ्या वेळात सात पेट्या उतरल्या असत्या.

घुमीला आधी वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आपला दिवस आला. पण हे शहाणे लोक सरळ गोष्ट सरळ कशाला करतील? कोण किती अंतर्मुख हे मोजायला हवं, असं सल्लागारांचं म्हणणं पडलं. मोजल्याशिवाय शास्त्र होत नाही म्हणे. तेव्हा दोन्ही असिस्टंटना पंधरा दिवस एकाच पाळीत, पहिल्या पाळीत ठेवायचं. सल्लागार हॉलमध्ये उंच स्टुलावर बसणार. दोघांपैकी कुणीही एक वाक्य बोललं की त्याच्या नावापुढे एक रेघ. पंधरा दिवसांनी ज्याच्या रेघा कमी, तो फोरमन.

"पण साहेब," घुमीनं विचारलं, "काम कुठे मोजणार?"

सल्लागारांनी कौतुकानं मान डोलावली आणि तिच्या नावापुढे पहिली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ बंद पडला. आला तो हाताची घडी घालून, डोळे अर्धे मिटून, ओठांवर एक अर्धवट हसू घेऊन. लोकांनी नमस्कार केला, यानं पापण्या हलवल्या. एकजण घाबरून म्हणाला, "अहो, घरी सगळं ठीक आहे ना?" यानं दूर कुठेतरी बघितलं. दुपारपर्यंत हॉलमध्ये कुणाला काम सुचेना. रोज शिव्या द्यायचे त्याच्या बडबडीला, आणि आता ती नाही म्हणून माना वळवून वळवून बघत होते. धाकटे मालक वरून काचेतून पाहत होते आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. घुमीच्या आतली जीभ त्या दिवशी एवढी चालली की तिला संध्याकाळी डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली. सोंगाड्या, ती मनात म्हणत होती, मेल्या, तुझ्या त्या हसण्यावर एक ओला बोळा फेकून मारावा!

आणि तरीही पहिल्या चार दिवसांत रेघा जास्त कुणाच्या? घुमीच्या. कारण काम करायचं तर बोलावं लागायचंच. "काच आडवी धर." "हातमोजे घाल." आणि हाक! सल्लागार प्रत्येक "येऊ दे" ला एक रेघ मारत. एका पेटीला चाळीस रेघा. ती त्यांना म्हणाली, "हे बोलणं नाही, ही हाक आहे." त्याचीही रेघ पडली.

रेडिओनं त्यावर तोड काढली. तो हातानं खुणा करायला लागला. तळहात वर म्हणजे उचल, खाली म्हणजे सोड, हात स्वतःकडे म्हणजे येऊ दे, मूठ म्हणजे थांब. दिवसाला दोन रेघा, तीन रेघा. सल्लागारांनी वहीत काहीतरी ठळक लिहिलं.

इकडे घरी निराळाच सोहळा. घुमी साडेतीनला घरी यायला लागली. पहिल्या दिवशी लेकीनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली, पाहुणी आल्यासारखी. चौथ्या दिवशी ती आईच्या पाठीवर लोळून पाढे म्हणत होती. तिला म्हणे वर्गात एक मैत्रीण होती आणि त्यांचं भांडण झालं होतं, आणि ते मिटवायला तीन दिवस लागले होते, ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत आईनं ताजं ताजं ऐकलं.

"आई, आता तू रोज अशीच येणार ना?" मुलीनं विचारलं.

"बघू."

"बघू काय बघू?" स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या. बारा वर्षं या सासूनं सुनेला, अगं तोंड उघड की जरा, घरात माणूस आहे की कपाट, असं म्हणून हैराण केलं होतं. त्याच आता हातात झारा घेऊन बाहेर आल्या. "आयुष्यभर एकच गोष्ट जमली तुला, गप्प बसायची. तीसुद्धा ऐन वेळी जमत नाही होय गं? तो मेला पोपट गप्प बसतो आणि तू बडबडतेस! खबरदार उद्यापासून तोंड उघडलंस तर!"

तर मग झालं असं, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, की दुसऱ्या आठवड्यात घुमीनंही हाक बंद केली. तीही हातानं खुणा करायला लागली.

काका पिंजऱ्यातून वाकून बघत राहिले. जेवणाच्या सुटीत खाली उतरले, तिच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, तू पण?"

तिनं मान खाली घातली.

"त्या खांबामागे मला हात दिसत नाही. हाक थांबली की मी थांबतो. हात दिसेनासा झाला तर मी काय समजायचं? थांबू की येऊ देऊ?"

तिला उत्तर माहीत होतं. पण दहा फुटांवर स्टूल होतं, आणि स्टुलावर पेन्सिल होती. ती गप्प राहिली. काका डबा बंद करून उठून गेले. त्या दिवशी तिला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी रेडिओचीही कधी आली नव्हती.

पंधरावा दिवस उजाडला. दुसऱ्या आठवड्यात घुमीनं तोंडाला असं कुलूप घातलं होतं की रेघांमध्ये ती पुढे निघून गेली होती. रेडिओला शेवटी शेवटी राहवेना, तो न्हाणीघरात जाऊन बडबडायचा, आणि सल्लागारांनी ती वाक्यं दाराबाहेरून शेकड्यांनी मोजली होती. अडीच वाजले. अर्धा तास राहिला होता. तिच्या बारा रेघा कमी होत्या. धाकटे मालक खाली हॉलमध्ये येऊन उभे होते, अभिनंदनाच्या तयारीत. अर्धा तास गप्प बसायचं फक्त. हे तर तिला झोपेतही जमत होतं.

शेवटचा ट्रक लागला होता. पेटी वर चढली. खाली रेडिओ हात स्वतःकडे हलवत उलट्या पावलांनी चालत होता, नजर मालकांकडे, ओठांवर ते हसू. येऊ दे, येऊ दे, अशी खूण करत करत तो खांबाच्या मागे गेला आणि काकांना दिसेनासा झाला. काकांना शेवटची खूण दिसली होती ती 'येऊ दे'. ते येऊ देत राहिले.

रेडिओच्या पाठीला रचलेल्या पेट्यांची भिंत लागली. समोरून दोन टन काच हळूहळू त्याच्या छातीवर येत होती. डावीकडे खांब, उजवीकडे ट्रॉली. त्यानं मूठ वर केली. कुणाला दिसणार ती मूठ? मग त्यानं तोंड उघडलं. घुमीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडलं, स्टुलाकडे बघितलं, आणि मिटलं. भीतीनं घसा सुकला की फोरमनची खुर्ची आडवी आली, देव जाणे. आवाज आला नाही एवढं खरं.

"थांबा!" घुमी ओरडली. "काका, थांबा! थांबा! माणूस आहे खाली!"

छताचे पत्रे घुमले. पेटी थांबली ती रेडिओच्या बरगड्यांपासून वीतभर. काकांनी ती इंच इंच मागे घेतली. रेडिओ खांबाला धरून खाली बसला, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

आता इथे ती थांबली असती तर चार रेघांवर भागलं असतं. जागा तरीही तिचीच होती. पण अकरा वर्षांचं साठलेलं, त्याला एकदा वाट मिळाल्यावर ते कुणाच्या बापाला आवरतंय?

"अरे बोलायला काय झालं होतं तुला? एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, मरायच्या वेळी दातखीळ बसली? तुझी बायको दारात वाट बघत बसली असती ना! आणि मी? मी पण तसलीच! मी पण आठवडाभर हात नाचवले या स्टुलाच्या नादानं! काका सांगत होते, ऐकलं नाही मी! आणि तुम्ही हो साहेब, तुम्हाला काम कळतं का काही? काच कशी कापतात तरी माहीत आहे का? खांबाला एक आरसा लावायला सांगितला तीनदा, आरशांच्या कारखान्यात! गप्प बसण्याच्या कसल्या परीक्षा घेता? जिथे बोलायचं तिथे बोलावं लागतं, एवढं कळायला कुठलं शिबिर लागतं? आणि ए स्टुलावरचे... तुम्ही काय करताय?"

सल्लागार रेघा मारत होते. पेटी पुढे येत असताना मारत होते, ती ओरडली तेव्हा मारत होते, आताही मान खाली घालून घाईघाईनं मारत होते. खांबामागे माणूस चिरडला जाणार होता आणि या गृहस्थांच्या पेन्सिलीनं एक रेघ चुकवली नव्हती.

"एक मिनिट ताई," ते म्हणाले. "ते शेवटचं अर्धवट सोडलंत, ते एक धरू की आधीच्यात मिळवू?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. घुमीनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती कपाटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सल्लागारांनी अहवाल वाचला. ताई चांगल्या आहेत, पण दबलेल्या बहिर्मुख आहेत. अशी माणसं संकटात फुटतात. उलट या गृहस्थांचा संयम पाहा. साक्षात मृत्यू समोर, तरी चकार शब्द नाही!

धाकट्या मालकांनी रेडिओकडे बघितलं. अगदीच बुद्धी गहाण ठेवलेले नव्हते मालक, काहीतरी खटकलं असावं. त्यांनी विचारलं, "नक्की काय झालं होतं हो तिथे? ताई ओरडल्या नसत्या तर?"

घुमीनंही त्याच्याकडे बघितलं. एक वाक्य. ओरडल्या नसत्या तर मी मेलो असतो. पाच-सहा शब्दांचं वाक्य, लहान मूलसुद्धा बोलेल. परीक्षा तर कालच संपली होती, रेघसुद्धा पडणार नव्हती.

रेडिओनं खिडकीबाहेर पाहिलं आणि तो मंद हसला.

उभ्या जन्मात हा माणूस खरोखर गप्प बसला तो एवढा एकदाच, आणि तेवढ्यावर फोरमन झाला. त्याचा फोटो कारखान्याच्या पत्रिकेवर छापून आला, हाताची घडी, अर्धे मिटलेले डोळे. सत्काराला उत्तर म्हणून तो मौनावर पन्नास मिनिटं बोलला.

घुमी पुन्हा दुसऱ्या पाळीत गेली. लेकीनं काही विचारलं नाही. सकाळी टूथब्रश तोंडात घालून ती आईकडे बघत उभी राहायची, बस. सासूबाईंनी दोन दिवस आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी सगळी हकीकत त्यांना शेजारणीकडून कळली, तेव्हा त्यांनी सुनेच्या ताटात न विचारता जास्तीचं वाढलं आणि म्हणाल्या, "माणूस वाचला ना? मग झालं. खा."

चौथ्या दिवशी धाकट्या मालकांनी आदेश काढला. हॉल आता शांत हॉल. हाका बंद, फक्त खुणा. दहा वाजता पहिला ट्रक लागला. नव्या फोरमननं तळहात वर केला. क्रेन हलली नाही. त्यानं पुन्हा केला. काका पिंजऱ्यात हाताची घडी घालून बसले होते, अगदी पत्रिकेवरच्या फोटोसारखे.

धाकट्या मालकांना पहिला अर्धा तास ते फार आवडलं. काय ही शांतता, असं ते कुणाला तरी म्हणालेही. मग त्यांच्या लक्षात आलं की शांतता आहे कारण काहीच चाललेलं नाही. टेबलं रिकामी, घासायची यंत्रं बंद, माणसं भिंतीला टेकून. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मालक खालून ओरडले, "काका, काय लावलंय हे?"

"खालून हाक येऊ दे, उचलतो," काका वरून म्हणाले.

"बरं, फोरमन देतील हाक. आजच्या दिवस."

"याच्या हाकेवर?" काकांनी पिंजऱ्यातून मान बाहेर काढली. "स्वतः मरत होता तेव्हा हाक दिली नाही. जिनं वाचवलं तिच्यासाठी तोंड उघडलं नाही. याच्या जिभेवर मी दोन टन काच उचलू? साहेब, तुम्ही उभे राहा पेटीखाली, मग उचलतो."

मालक पेटीपासून चार पावलं मागे सरले. बाराच्या सुमाराला घुमीच्या घरी फोन गेला.

ती आली. मालकांनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि ते बोलायला लागले. काका हट्टी आहेत, ती म्हातारी माणसं. ती ऐकत होती. झालं गेलं विसरून जाऊ. ती ऐकत होती. हाक देण्याची जबाबदारी तिनं घ्यावी. ती त्यांच्या कपाळाकडे बघत होती. मालकांना घाम फुटला. फोरमन आता बदलता येणार नाही, पत्रिका छापून झाली, बाहेर वाटली, काय दिसेल ते. ती अजून गप्प. सात दिवस पैसे भरून शिबिरात गप्प बसायला शिकलेला माणूस पाच मिनिटं टिकला नाही. "काय हवंय काय तुम्हाला?" तो शेवटी म्हणाला. "बोला की ताई!"

"पहिली पाळी," घुमी म्हणाली. "कायमची. हाक माझी. आणि खांबाला आरसा, आज."

आरसा एका तासात लागला. एक तास! अकरा वर्षं आणि तीन अर्ज, आणि काम तासाभराचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती खांबाशी जाऊन उभी राहिली. काकांनी वरून आरशात बघितलं आणि हात हलवला. टेबलावरच्या कुणीतरी न सांगता ट्रॉली बाजूला ओढली. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि नवा फोरमन बाहेर आला. तो इकडेतिकडे बघत तिच्यापर्यंत आला. ते हसू आज नव्हतं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही... म्हणजे मी तेव्हाच साहेबांना..."

घुमीनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "रेघ पडेल."

तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून. ती वर बघत होती. "पेटीखालून बाजूला व्हा, फोरमन," ती म्हणाली, आणि तो झाल्यावर तिनं क्रेनला हाक दिली. तीनला पाळी सुटली आणि साडेतीनला ती घरी होती.